‘नकार’च्या रकान्यात ‘आज नको’ : कारागृहातील लसीकरणाचा माझा अनुभव

कारागृहाच्या दवाखान्यात परिचारिका म्हणून रुजू झाल्यावर काही महिन्यांतच हिपॅटायटिस बी या काविळीच्या लसीकरणाची जबाबदारी माझ्याकडे आली. लस २ ते ८ अंश तापमानात व्यवस्थित ठेवलेली होती, बंद्यांच्या याद्या तयार होत्या, त्यामुळे काम सुरळीत पार पडेल असे मी धरून चालले होते. पहिल्या दिवशी सकाळच्या मोजणीनंतर ध्वनिक्षेपकावरून सूचना झाली, एका बराकीतल्या सर्वांना रांगेत उभे करण्यात आले आणि माझ्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना शिपाई उभे राहिले. दुपारपर्यंत मोजक्याच बंद्यांनी लस घेतली. उरलेल्यांच्या नावापुढे मी ‘नकार’ असे लिहीत गेले.

या आजाराचा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरतो. एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरला किंवा एकाच सुईने चोरून गोंदवून घेतले, तरी लागण होऊ शकते, आणि बराकीत या दोन्ही गोष्टी घडतात. हे सगळे मी दुसऱ्या दिवशी बराकीच्या दारात उभे राहून तळमळीने सांगितले. सर्वांनी शांतपणे ऐकून घेतले, पण पुढे कोणीच आले नाही.

उत्तर मिळाले ते मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला रोज येणाऱ्या एका वयस्कर शिक्षाबंद्याकडून. “काका, तुम्ही तरी का नाही घेतलीत?” असे मी विचारले, तेव्हा त्यांनी दाराकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाले, “सिस्टर, आधी एवढं सांगा, नाही म्हटलेलं माझ्या कागदावर चढतं का?” त्यांची मुदतपूर्व सुटकेची फाइल विचाराधीन होती. लसीविषयी त्यांचा एकही आक्षेप नव्हता. आपल्या सहीचा, आणि सही न करण्याचाही, पुढे काय उपयोग केला जाईल याची त्यांना धास्ती होती. मी लिहिलेला ‘नकार’ हा शब्द त्यांच्या दृष्टीने एक नोंदलेला गुन्हाच होता.

मी हे अधीक्षकांच्या कानावर घातले. लस घेण्या-न घेण्याचा घरच्यांची मुलाकात, काम, बदली किंवा सुटका यांच्याशी काहीही संबंध राहणार नाही, अशी सूचना त्यांनी स्वतःच्या सहीने काढली आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी ती बराकीबराकीत, त्यांना समजणाऱ्या भाषेत वाचून दाखवली गेली. लस घेणाऱ्यांना जादा मुलाकात द्यावी अशीही एक सूचना पुढे आली होती. मी तिला विरोध केला, आणि आजही माझे मत तेच आहे : जिथे घरच्यांना भेटणेसुद्धा दुसऱ्याच्या परवानगीवर अवलंबून असते, तिथे असे बक्षीस हा दबावच ठरतो.

“आमच्यावर प्रयोग चाललाय” हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आणि ते हसण्यावारी नेणे मला कधीच जमले नाही. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग कारागृहात १९५१ ते १९७४ या काळात बंद्यांवर खरोखरच औषधांचे आणि रसायनांचे प्रयोग झाले होते. बंद्यांनाही बाहेरच्या लोकांइतक्याच दर्जाची आरोग्यसेवा मिळावी आणि उपचार त्यांच्या संमतीनेच व्हावेत, हे संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत म्हटले आहे, पण भिंतीआडच्या माणसाला नियम दिसत नाही, समोरचे टेबल दिसते.

म्हणून आम्ही ते टेबल बदलले. पडद्याआड दोन खुर्च्या ठेवल्या. शिपाई नजरेच्या टप्प्यात राहिले, पण बोलणे ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. मी कुपी बंद्याच्या हातात देई, त्यावरचे नाव आणि मुदत वाचून दाखवी आणि सिरिंजचे पाकीट त्याच्यासमोरच फोडी. लसीमुळेच कावीळ होईल का, असे बहुतेक जण विचारत. या लसीत जिवंत विषाणू नसतो, त्याच्या आवरणातले फक्त एक प्रथिन असते, हे मी प्रत्येकाला नव्याने सांगत असे.

एकदा मोठाच घोळ झाला. एक तरुण सुई टोचताच भोवळ येऊन पडला आणि संध्याकाळपर्यंत पलीकडच्या बराकीत तो मेल्याची बातमी पोहोचली. सुईच्या भीतीने काहींना अशी भोवळ येते आणि आडवे केल्यावर ती लवकर ओसरते. पण माझ्या सांगण्याने काही झाले नसते. तो तरुण स्वतःच परवानगी घेऊन त्या बराकीत गेला, बाही वर करून दंड दाखवला आणि लोकांच्या प्रश्नांना तासभर उत्तरे देत बसला. पुढे त्याच्यासारख्या काही बंद्यांना आम्ही रीतसर प्रशिक्षण दिले. रात्री बराक बंद झाल्यावर जे बोलणे होते तिथे मी पोहोचू शकत नव्हते, ते पोहोचत होते.

दुसरी अडचण वेळापत्रकाची होती. नेहमीचे डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी द्यायचे असतात, आणि न्यायाधीन बंद्याला उद्या जामीन मिळेल की परवा बदली होईल हे कोणालाच ठाऊक नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने आम्ही त्यांच्यासाठी ०, ७ आणि २१ दिवसांचे जलद वेळापत्रक घेतले, ज्यात चौथा डोस १२ महिन्यांनी असतो. लसीचे कार्ड आधी कार्यालयातल्या फाइलमध्ये राहत असे. ते आम्ही बंद्याच्याच हाती देऊ लागलो, म्हणजे बाहेर पडल्यावर तो उरलेला डोस कुठल्याही दवाखान्यात मागू शकेल.

रजिस्टरमधला ‘नकार’चा रकाना मी खोडून तिथे ‘आज नको’ असे लिहिले. ज्यांच्या नावापुढे ते शब्द होते त्यांना मी दर फेरीत पुन्हा विचारत असे, आणि त्यांतल्या कित्येकांनी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला आपणहून बाही वर केली. काकांच्या नावापुढे मात्र अजूनही ‘आज नको’ आहे. गोळ्या घ्यायला आले की ते आता लसीविषयी एखादा नवा प्रश्न विचारतात, मी उत्तर देते, आणि पुढच्या फेरीची तारीख ते माझ्याकडून लिहून घेतात.