‘फुल एचडी आहे, सर’ : फोटोंसाठी लॅपटॉप निवडताना आलेला अनुभव

मी साताऱ्यात राहतो, महाविद्यालयात गणित शिकवतो आणि गेली अकरा वर्षे ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सवड मिळेल तेव्हा कास पठारावर फुलांचे फोटो काढायला जातो. या हौसेपायी घ्यावा लागलेला लॅपटॉप निवडायला मला सात आठवडे लागले. त्यांतला पहिला आठवडा सोडला, तर उरलेले सहा केवळ एका आकड्याच्या मागे गेले : लॅपटॉपचा पडदा किती रंग दाखवतो, त्याचा आकडा. तो आकडा ना कंपनीने धड सांगितला, ना दुकानाने, आणि त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, हे सुरुवातीलाच कबूल करतो.

नव्या लॅपटॉपची गरज लक्षात आली ती फोटो छापून हातात पडल्यावर. महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लावण्यासाठी सोनकीच्या आणि सीतेच्या आसवांच्या काही फोटोंच्या बारा बाय अठरा इंची प्रती मी एका लॅबमधून काढून घेतल्या होत्या. पडद्यावर जी सोनकी मला जेमतेम पिवळी वाटत होती, ती कागदावर हळदीच्या डब्यात बुडवून काढल्यासारखी आली होती आणि पाकळ्यांवरच्या बारीक रेघा त्या पिवळ्यात पार बुजून गेल्या होत्या. सीतेची आसवे तर दौतीतली शाई सांडावी तशी दिसत होती. मी लॅबला फोन करून तावातावाने बोललो. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, “सर, मशीनचा दोष नाही, तुमच्या फाइलमध्येच रंग एवढे चढवलेले आहेत.” त्यांचेच बरोबर होते. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पडदाच फिका होता, आणि त्यावर फूल ताजे दिसेपर्यंत मी सॅच्युरेशनची, म्हणजे रंग चढवण्याची, पट्टी उजवीकडे सरकवत राहिलो होतो.

बाकीच्या गोष्टी ठरवायला फार वेळ लागला नाही. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, त्याची एक रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) साधारण २५ ते ३० एमबीची होते, आणि पठारावरच्या एका सकाळी तीनशे फोटो निघाले, तर आठ-नऊ जीबी जागा सहज जाते. त्यामुळे १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि जुने फोटो ठेवायला बाहेरची हार्ड डिस्क, एवढे मी पहिल्याच रविवारी कागदावर लिहून टाकले. फोटो सुधारायला मी डार्कटेबल हे मोफत सॉफ्टवेअर वापरतो. त्याला ग्राफिक्स कार्डाचा उपयोग होतो, पण कार्ड नसले म्हणून काम अडत नाही. माझा भाचा मात्र ऐकेना. “मामा, गेमिंगचाच घ्या, त्यात सगळं येतं,” असे त्याचे म्हणणे होते. त्याने सुचवलेल्या लॅपटॉपमध्ये खरोखरच सगळे होते. पडदा तेवढा माझ्या जुन्या लॅपटॉपसारखाच होता. खेळणाऱ्याला चित्र झरझर बदलणारा पडदा लागतो, आणि त्यावरचा पिवळा थोडा उतरला तरी त्याचे काही बिघडत नाही.

आता त्या आकड्याविषयी. लॅपटॉपचा पडदा किती रंग दाखवू शकतो, हे टक्क्यांत सांगतात, पण ते टक्के कशाचे, हे पाहावे लागते. काही ठिकाणी ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. एनटीएससी ही १९५३ साली अमेरिकेतल्या रंगीत दूरचित्रवाणीसाठी ठरलेली मोजपट्टी आहे. संकेतस्थळे, मोबाइल आणि बहुतेक छपाई लॅब ज्या रंगमर्यादेत काम करतात, ती एसआरजीबी, १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून मांडलेली. रंगांच्या आलेखावर या दोन्हींचे त्रिकोण होतात, आणि एसआरजीबीच्या त्रिकोणाचे क्षेत्रफळ एनटीएससीच्या सुमारे ७२ टक्के भरते. म्हणजे ४५ टक्के एनटीएससीचा पडदा एसआरजीबीच्या हिशेबाने ६२-६३ टक्क्यांवरच थांबतो. (ही केवळ क्षेत्रफळांची तुलना आहे; एक त्रिकोण दुसऱ्यावर नेमका बसतो की नाही, हे त्यातून कळत नाही. म्हणून ‘७२ टक्के एनटीएससी’ हे ‘१०० टक्के एसआरजीबी’च आहे असे कोणी सांगितले, तर ते ढोबळ मानाने खरे धरावे. वर्गात मी त्याचे अर्धेच गुण दिले असते.) मला एसआरजीबीचे शंभराच्या जवळपास टक्के हवे होते, आणि कोणत्याही विक्रेत्याला मी एवढेच विचारत होतो.

साताऱ्यातल्या दुकानात लॅपटॉप खोक्यांतच होते. “कोणता ते सांगा, मागवून देतो,” म्हणाले. म्हणून एसटीने पुणे गाठले आणि एका मोठ्या दालनात शिरलो. तिथे ओळीने मांडलेल्या प्रत्येक लॅपटॉपवर पोपट, फळे आणि होळीचे रंग यांची चित्रफीत फिरत होती, प्रकाश पूर्ण वाढवलेला होता आणि वरून दिव्यांचा लखलखाट. अशा उजेडात कोणताही पडदा सुंदरच दिसतो. मी स्वतःचे सहा फोटो पेन ड्राइव्हवर नेले होते, पण दालनात पेन ड्राइव्ह लावायला परवानगी नव्हती. मी विचारले, “याचा पडदा एसआरजीबीच्या किती टक्के आहे?” विक्रेता म्हणाला, “फुल एचडी आहे, सर.” मी म्हटले, ती पिक्सेलची संख्या झाली, मी रंगांविषयी विचारतो आहे. त्याने खिशातून मोबाइल काढून बराच वेळ पाहिले आणि सांगितले, “सर, सोळा जीबी रॅम आहे.” त्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, त्याला जे शिकवले होते, ते तो सांगत होता. दोन आठवड्यांत मी चार दुकाने पाहिली आणि चारही ठिकाणी हेच उत्तर मिळाले.

मग मी कंपनीचे माहितीपत्रक मिळवले. मला आवडलेल्या मॉडेलच्या पडद्यापुढे त्यात दोन नोंदी होत्या : २५० निट्स (पडद्याचा उजळपणा मोजण्याचे एकक) प्रकाश आणि ४५ टक्के एनटीएससी, किंवा ३०० निट्स आणि १०० टक्के एसआरजीबी. त्याखाली बारीक अक्षरात लिहिले होते की प्रदेशानुसार फरक असू शकतो. मॉडेलचे नाव तेच, पण त्यात दोन वेगळे पडदे, आणि भारतात विकला जाणारा कोणता, याचा कुठेही उल्लेख नाही. वाण्याने गुळाच्या ढेपेवर ‘गोड किंवा अळणी’ अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार होता.

कस्टमर केअरला फोन केला. वाट पाहण्याचे संगीत आता मला पाठ आहे. पलीकडच्या बाईंनी सीरियल नंबर मागितला. मी म्हटले, लॅपटॉप अजून घेतलेला नाही, घ्यावा की नाही हे ठरवण्यासाठीच विचारतो आहे. त्या म्हणाल्या, सीरियल नंबरशिवाय चौकशी नोंदवता येत नाही. मी पुन्हा पुण्याला गेलो, दुकानदाराची विनवणी करून बंद खोक्यावरच्या लेबलचा फोटो काढला, आणि त्यावरचा नंबर घेऊन दुसरा फोन केला. या वेळी उत्तर मिळाले की हा नंबर कोणत्याही ग्राहकाच्या नावावर नाही, आधी बिल जोडून नोंदणी करा. बिल हवे तर लॅपटॉप घ्यायला हवा, आणि घेऊन खोके फोडले की दुकान तो परत घेत नाही. दोष निघाला तर बदलून मिळतो, पण फिका पडदा हा त्यांच्या लेखी दोष नाही. तिसऱ्या फोनवर मला ईमेल पाठवायला सांगितले. मी सविस्तर ईमेल पाठवला, लेबलचा फोटो जोडला, आणि प्रश्न एका ओळीत ठळक अक्षरांत लिहिला. एकोणिसाव्या दिवशी उत्तर आले. त्याला जोडलेले होते तेच माहितीपत्रक, ‘किंवा’सह.

कोंडी फुटली ती त्याच दालनाच्या मागच्या बाजूला दुरुस्तीचे काम करणाऱ्या एका तरुणामुळे. मी तिसऱ्यांदा आलो आहे हे पाहून त्याने विचारपूस केली आणि डेमो पीसची, म्हणजे दाखवायला मांडलेल्या लॅपटॉपची, चित्रफीत बंद करून मला विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेले. तिथे मॉनिटर या शीर्षकाखाली, तपशिलाच्या पानावर, हार्डवेअर आयडी असतो. त्यात तीन अक्षरे पडदा बनवणाऱ्या कंपनीची आणि पुढची चार चिन्हे त्या पॅनेलची, म्हणजे आत बसवलेल्या नेमक्या पडद्याची. हा संकेत इंटरनेटवर शोधला की बहुतेक वेळा पॅनेलची माहिती सापडते. शिवाय पडद्याच्या आतल्या चिपमध्ये त्याच्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगांचे, म्हणजे रंगांच्या आलेखावरच्या त्याच्या त्रिकोणाच्या टोकांचे, सहनिर्देशक साठवलेले असतात, आणि ते वाचून दाखवणारी छोटी मोफत सॉफ्टवेअर मिळतात. एसआरजीबीच्या लाल रंगाचा क्ष-निर्देशक ०.६४ असतो, ४५ टक्क्यांच्या पडद्यांत तो बहुधा ०.५९ च्या आसपास दिसतो. डेमो पीसमध्ये आकडा निघाला ०.६४. सहनिर्देशक पाहून एवढा आनंद मला विद्यार्थिदशेतही झाला नव्हता.

मी पाकीट काढणार, एवढ्यात त्यानेच हात आडवा घातला. डेमो पीसच्या तळाशी असलेला प्रॉडक्ट नंबर आणि खोक्यावरचा नंबर त्याने शेजारी शेजारी धरून दाखवले. शेवटची दोन अक्षरे वेगळी होती. दुकानात मांडलेला आणि दुकानात विकला जाणारा, हे दोन लॅपटॉप एक नव्हते. खोक्यातल्या लॅपटॉपमध्ये कोणता पडदा आहे, हे खोके फोडल्याशिवाय कळणार नव्हते, आणि ते बिल झाल्याशिवाय फोडायचे नाही, असा तिथला नियम होता. मी त्या तरुणाचे आभार मानले आणि त्या मॉडेलचा नाद सोडला.

शेवटी लॅपटॉप घेतला तो दुसऱ्याच कंपनीचा, ज्याच्या माहितीपत्रकात पडद्यापुढे एकच नोंद होती, आणि तोही एका छोट्या दुकानातून. मालक म्हणाले, “निम्मे पैसे द्या, समोर उघडून चालू करतो, आकडा तुमच्या मनासारखा नसेल, तर मी ठेवून घेतो.” मी हे त्यांच्याकडून पावतीवर लिहून घेतले आणि ते जराही रागावले नाहीत. किंमत अठ्ठ्याहत्तर हजार पडली, म्हणजे ठरवल्यापेक्षा आठ हजार जास्त. मोठ्या दालनात दसऱ्याची सवलत आणि विनाव्याज हप्ते मिळाले असते, पण तेव्हा माझ्यात तिथे परत पाऊल ठेवण्याची ताकद नव्हती. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका मित्राकडे पडद्याचे रंग मोजण्याचे उपकरण आहे. ते एका संध्याकाळपुरते आणून मी दोन्ही लॅपटॉप मोजले. नवा एसआरजीबीच्या ९८ टक्के भरला, जुना ६१. लॅबवाल्यांना फोन करून मी त्या दिवशीच्या बोलण्याची माफी मागितली.

काही गोष्टी ओघात सांगायच्या राहिल्या. ओएलईडी पडदे (ज्यांत प्रत्येक पिक्सेल स्वतःच प्रकाश देतो) रंगांना उत्तम असतात आणि मला एकाने मोहातही पाडले होते, पण त्यांची रंगमर्यादा एसआरजीबीहून बरीच मोठी असते. रंगांचे व्यवस्थापन न जाणणाऱ्या, म्हणजे फोटोचे रंग पडद्याच्या रंगमर्यादेशी जुळवून न घेणाऱ्या, प्रोग्राममध्ये त्यावर सगळे भडक दिसते, म्हणजे माझी चूक उलट्या दिशेने झाली असती. रॅम मदरबोर्डवर पक्की बसवलेली आहे का, की पुढे वाढवता येते, हे बिलाआधी विचारावे. मी विचारले नाही, आणि माझ्या लॅपटॉपमध्ये ती पक्की आहे. आणि फुल एचडीला मी एवढी नावे ठेवली, तरी २४ मेगापिक्सेलचा फोटो खऱ्या आकारात (फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर) पाहताना त्यावर एका वेळी जेमतेम बारावा भाग दिसतो, हेही खरे. तीक्ष्णता तपासताना मला फोटो इकडे तिकडे सरकवत बसावे लागते. पैसे असतील, तर जास्त पिक्सेलचा पडदा घ्यावा, पण रंगांचा बळी देऊन नव्हे.

प्रकाशाचेही पाहावे. पडदा पूर्ण उजळ ठेवून काम केले, की फोटो हवा त्यापेक्षा उजळ वाटतो, आपण तो गडद करतो, आणि छापील प्रत काळपट येते. मी आता रात्री खोलीतला दिवा चालू ठेवतो आणि पडदा निम्म्याच्या आसपास. नवा लॅपटॉप आल्यावर पहिल्या दोन संध्याकाळी मी सोनकीच्या चाळीस फोटोंचे रंग मोठ्या उत्साहाने नव्याने बसवले, आणि तिसऱ्या संध्याकाळी लक्षात आले की सूर्यास्तानंतर पडदा पिवळसर करणारी विंडोजची नाइट लाइट आपोआप चालू होत होती. ते चाळीस फोटो पुन्हा केले.