विमानाचा वेग म्हणजे नेमका कोणता?

आज कोलकात्याहून पुण्याला परतताना खिडकीची जागा मिळाली, तेव्हा मोबाईलचा जीपीएस काचेपाशी धरून पाहिला. सुमारे ११ किलोमीटर उंचीवर तो ताशी ७०० किलोमीटरच्या आसपास वेग दाखवत होता. हा झाला जमिनीच्या सापेक्ष वेग. हिवाळ्यात त्या उंचीवर पश्चिमेकडून जोराचे वारे वाहतात आणि समोरून ताशी सव्वाशे किलोमीटरचा वारा असेल, तर हवेतून ८२५ च्या वेगाने जाणारे विमानही जमिनीवरून ७०० नेच पुढे सरकते.

पंखांना मात्र जमिनीशी काही देणेघेणे नसते. वैमानिकासमोरचा आकडा तर तिसराच असतो: पिटो नळीत (आँरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ साली ती नदीचा प्रवाह मोजण्यासाठी वापरली होती!) समोरून शिरणाऱ्या हवेचा दाब आणि विमानाच्या अंगावरील छिद्रांतून मिळणारा स्थिर दाब (म्हणजे भोवतालच्या हवेचा दाब), या दोहोंतील फरकावरून तो ठरतो. इतक्या उंचीवर हवा फारच विरळ असल्यामुळे तिथे हा आकडा जेमतेम ४८० भरतो. मला तोच सर्वांत प्रामाणिक वाटतो, कारण पंखांना किती उचल मिळते आहे, हे त्यावरूनच कळते.

पुण्याच्या लोहगाव विमानतळाची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ५९० मीटर उंच आहे. तिथेही हवा थोडी विरळ असते, त्यामुळे वारा नसताना, वैमानिकासमोरच्या काट्यावर तोच वेग ठेवून उतरणारे विमान मुंबईपेक्षा इथे सुमारे तीन टक्के अधिक वेगाने जमिनीला टेकते आणि त्याला थांबायला धावपट्टीही थोडी जास्तच लागते.