कोकरू, करडू आणि ‘पिल्ली पिल्ला’: सोलापुरातले चार दिवस

माझ्या लेकीच्या तिसरीच्या वहीत एक पान आहे, ‘प्राणी आणि त्यांची पिल्ले’. गाईचे वासरू, म्हशीचे रेडकू, शेळीचे करडू, मेंढीचे कोकरू, घोड्याचे शिंगरू, हरणाचे पाडस. सगळं तोंडपाठ. दिवाळीच्या सुट्टीत एका रात्री झोपता झोपता तिने विचारलं, "आई, कोकरू आणि करडू समोर आलं तर कुठलं कुठलं हे कसं कळणार गं?" सांगून कळण्यातली गोष्ट नव्हती ती, दाखवायलाच हवी होती. आमच्या पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर ती कुठून दाखवणार? दुसऱ्या दिवशी सोलापूरला नणंदेला फोन लावला. त्या म्हणाल्या, "जानेवारीत या की. हुरडा पण होईल, सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा पण लागलेला असेल, आणि पिल्लं म्हणशील तर पाहिजे तेवढी."

संक्रांतीच्या आधीच्या शुक्रवारी संध्याकाळी आम्ही मायलेकी हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलो. स्टेशनवरून घरी जाताना रस्त्यात यात्रेच्या नंदीध्वजांचा सराव चालला होता. ती उंचच उंच काठी कमरेला तोलून चालणारी मुलं बघत लेक रिक्षातच झोपून गेली.

नणंदेचं घर पूर्व भागात आहे. इथली वस्ती बरीचशी तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची, पद्मशाली समाजाची. सकाळी जाग येते ती मागांच्या खटखटीने. शेजारीच टॉवेल आणि चादरींचा छोटा कारखाना आहे, आठ माग, एकाच पत्र्याखाली. तिथल्या आजींनी आम्हाला बघितल्या बघितल्या लेकीचा हात धरला आणि "पिल्ली चूपिस्ता, रा" म्हणत आत नेलं. लेकीचे डोळे चमकले. पिल्लं दाखवतायत! आत गेल्यावर आजींनी बोट केलं ते एका करड्या मांजरीकडे. लेक इकडेतिकडे पिल्लं शोधायला लागली, आजी मांजरीकडेच बोट करून "पिल्ली, पिल्ली" म्हणत राहिल्या. शेवटी नणंदबाईंनी उलगडा केला: तेलुगूत पिल्ली म्हणजेच मांजर. आणि मांजरीचं पिल्लू? आजी हसल्या. "पिल्ली पिल्ला!"

ती पिल्ली पिल्ला होती कांड्यांच्या टोपल्यांमागे, जुन्या चादरीच्या एका तुकड्यावर. चार होती. तीन करडी आणि एक असं पांढरं, की त्याच्या कानांतून उजेड आरपार दिसत होता, गुलाबी. डोळे नुकते उघडले होते. मांजरीची पिल्लं आंधळी जन्मतात, आठवडा ते दोन आठवड्यांत डोळे उघडतात, आणि तेव्हा सगळ्यांचेच डोळे निळसर असतात. खरा रंग पुढे भरतो. ती चार जोडी धुरकट निळी नजर आमच्याकडे लागली होती, पण आम्ही त्यांना नीट दिसत असू असं वाटलं नाही. पांढरं पिल्लू आईच्या पोटाशी लागलं होतं आणि दोन्ही पुढचे पंजे आळीपाळीने दाबत होतं, एक डावा, एक उजवा. पंजा दाबला की पाचही बोटं फुलायची, सोडला की मिटायची. बाजूला मागांचा इतका आवाज, की आम्ही एकमेकींशी कानात बोलत होतो, आणि त्या चौघांना त्याचं काही नव्हतं. जन्मल्यापासून त्यांनी तोच आवाज ऐकलेला.

लेकीला पिल्लू हातात हवं होतं. आजींनी मान हलवली. मांजर पिल्लांना सात घरं दाखवते असं आपण म्हणतो. खरं म्हणजे जागा निर्धोक वाटली नाही, माणसांची वर्दळ वाढली, की ती पिल्लं तोंडात धरून दुसरीकडे हलवते. ही मांजर अजून पहिल्याच घरात होती, आणि आजींना ती तिथेच राहायला हवी होती. रात्री माग थांबले की त्या दुधाची वाटी ठेवतात आणि पिल्लांच्या बाजूचा दिवा मालवतात. लेक चटकन समजली. गुडघ्यांवर हनुवटी टेकवून ती तासभर नुसती बघत बसली. मी उठवलं नाही. कुठे जायची घाई होती?

रविवारी सांगोल्याचा जनावरांचा बाजार. सोलापूरहून मंगळवेढ्यावरून रस्ता जातो. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसांवर आलेली, मंगळवेढ्याची मालदांडी. बाजाराबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथला माझा जीव अर्धा आनंदात आणि अर्धा काळजीत होता. मडग्याळ जातीच्या कोकरांभोवती गर्दी लोटली होती. पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिपके, नाकाला पोपटाच्या चोचीसारखा बाक, आणि ऐट अशी की बघत राहावं. पण एका कोपऱ्यात एक काळं करडू उन्हात आखूड दोरीने बांधलेलं दिसलं. जीभ बाहेर. मालक जवळ नव्हता. मी बाटलीतलं पाणी ओंजळीत ओतलं, ते प्यायलं, पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायलं, आणि मग माझी बोटं चोखायला लागलं. दात अगदी बारीक, वरच्या बाजूला नुसतीच हिरडी. शेजारच्या माणसाने दोरी सैल करून त्याला पिकअपच्या सावलीत ओढून घेतलं. विकायला आणलेलं जनावर झालं म्हणून काय झालं, सावली आणि पाणी याला पैसे पडत नाहीत. हे मला तिथे मोठ्याने म्हणावंसं वाटलं, आणि मी म्हणालेही.

त्याच बाजारात दिवसाचं सुख भेटलं. एका खिल्लार गाईच्या पायांशी आठ दिवसांचं वासरू उभं होतं. गाय पांढरीशुभ्र, शिंगं मागे वळून वर गेलेली. वासरूही पांढरं, पण कपाळाच्या वर, शिंगं येतात तिथे तांबूस, गंजाच्या रंगाचा पट्टा. लेकीला वाटलं कुंकू लावलंय. मालक काका म्हणाले, "कुंकू न्हाई बाळा, खिल्लाराचं वासरू जल्मतंच आसं. दोन-तीन म्हैन्यात जातंय ते तांबडं." तिने भीत भीत हात लावला. वासराने आधी हात हुंगला, मग फ्रॉकचं टोक तोंडात घेतलं.

"काका, हे आईबरोबरच जाणार ना?"

"आईबरूबरच की. दूध पितं वासरू तोडून इकत न्हाई मी," काका म्हणाले, आणि गाईच्या गळ्याखालच्या पोळीवर हात फिरवत राहिले. त्यांना ती विकायची नव्हती, हे त्या हातावरूनच कळत होतं.

सोमवारी पहाटे नान्नज. सोलापूरहून बार्शी रस्त्याने वीसेक किलोमीटर. माळढोक पक्ष्यासाठी 1979 साली घोषित झालेलं हे अभयारण्य. नुसता गवताळ माळ, मध्ये मध्ये शेतं आणि गावं. माळढोक दिसेल ही आशा आम्ही धरलीच नव्हती. तो आता फार थोडा उरलाय, आणि मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एका पिल्लावर सगळा खेळ.

काळवीट मात्र भरपूर. सूर्य वर आला आणि पिवळ्या गवतात काळे-पांढरे नर दिसायला लागले, पिळाची शिंगं उंच धरून. माद्या गवताच्याच रंगाच्या. एक मादी कळपापासून लांब, एकटीच उभी होती, सारखी एकाच दिशेला बघत. बरोबर आलेल्या वाटाड्या दादांनी आम्हाला जागेवरच थांबवलं आणि दुर्बीण लेकीच्या हातात दिली. "त्या पांढऱ्या दगडाच्या डाव्या अंगाला बघ. हलतंय का काही?" बराच वेळ काही नाही. मग गवतात एक कान हलला. फक्त कान. पाडस!

दादा हळू आवाजात सांगत होते. सुरुवातीचे दिवस काळविटीण पाडसाला गवतात लपवून ठेवते, स्वतः लांब चरते, पाजायला तेवढी जवळ येते. तीच जर सतत शेजारी उभी राहिली तर लांडग्याला ठिकाण कळेल. पाडस मान जमिनीला टेकवून गप्प पडून राहतं, माणूस अगदी जवळून गेला तरी उठत नाही. आणि लोकांना वाटतं, आई टाकून गेली. चांगल्या मनाची माणसं त्याला उचलून घरी नेतात, बाटलीने गाईचं दूध पाजतात, आणि बरीचशी पाडसं त्यात मरतात. काळवीट 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे असं उचलून नेणं गुन्हाही ठरतं. एकटं पाडस दिसलं तर लांब व्हायचं आणि शंका असेल तर वनखात्याला कळवायचं. तिथून जाताना आमच्या गाडीत कुणी बोललं नाही. लेकीने तेवढं विचारलं, "आपण गेलो म्हणून आता त्याची आई येईल ना?" मी म्हटलं, हो, त्यासाठीच निघालो आपण.

मंगळवारी दुपारी अक्कलकोट रस्त्याला, वळसंगच्या अलीकडे, नणंदेच्या दिरांच्या शेतात हुरडा. आगटीतली गरम कणसं हातावर चोळून, शेंगाचटणी आणि गुळाच्या खड्याबरोबर हुरडा किती खाल्ला याचा हिशेब नाही. पण लेकीचं लक्ष खाण्यात नव्हतं. पलीकडच्या तुरीच्या मोकळ्या झालेल्या रानात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता मुक्काम, उतरला होता. शेतकरी मेंढरं बसवून घेतात, रात्रीच्या मुक्कामात लेंड्या-मुताचं खत रानाला मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. मेंढरं चरायला गेली होती. मागे दोन घोडी, एक कुत्रं, कोंबड्या आणि एक आजी, आणि जाळीच्या वाघरीत कोंडलेली पन्नासेक कोकरं.

पन्नास कोकरं एकत्र कधी बघितली आहेत? एक मातीच्या ढेकळावर चढतं, दुसरं त्याला ढकलून चढतं, तिसरं चारही पायांवर एकदम उडी मारतं, उगाच, काही कारण नसताना, आणि मग सगळीच्या सगळी वाघरीच्या कडेने गोल पळत सुटतात. एकदम थांबतात. पुन्हा पळतात.

आजी कर्नाटकच्या हद्दीकडच्या. एका कोकराला हाक मारताना त्या "बा मरी, बा" म्हणाल्या आणि लेक घाबरून माझ्याकडे वळली. "आई, मरी म्हणजे मेलं का ते?" आजी पोट धरधरून हसल्या. कानडीत मरी म्हणजे पिल्लू. मेंढीचं ते कुरी मरी, कुत्र्याचं ते नाय मरी. "समद्यांस्नी मरीच म्हनायचं," आजी म्हणाल्या, "कशाला येगळं पायजे? ल्हान ते ल्हान." आमच्याकडे मात्र सहा वेगळी नावं, आणि लेकीने ती सहाही आजींना म्हणून दाखवली. शिंगरू म्हटल्यावर आजींनी घोडीकडे हात केला: "फागनात ईल ती. तवा ये."

मग त्यांनी एक काळं कोकरू उचलून लेकीच्या मांडीत दिलं. पाच दिवसांचं. कपाळावर पांढरा ठिपका, तिळाएवढा. तिथल्या तिथे नाव ठरलं, तिळू. पाय अंगाच्या मानाने केवढे लांब, गुडघे गाठीसारखे, आणि लोकर अजून घट्ट कुरळी, दाबली की बोट आत जाऊन पुन्हा वर येई. छातीशी हात लावला की धडधड लागे, केवढी भराभर. थोड्या वेळाने त्याने तिच्या कोपरात नाक खुपसलं आणि झोपलं. तिनेही हालचाल बंद केली. मुंग्या आल्या तरी पाय बदलला नाही.

वाडा म्हटलं की चार शेळ्याही असतात. ज्या कोकराची आई दगावते त्याला शेळीचं दूध मिळतं. त्यांची दोन करडं आमच्याभोवती फिरत होती, काळीभोर, लांब कानांची. लेक एकदा त्यांच्याकडे, एकदा वाघरीकडे बघत होती. मग हळूच, तिळू जागा होऊ नये अशा आवाजात म्हणाली, "आई, करडाची शेपटी वर असते. कोकराची खाली लोंबते." आजींनी तिच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

ऊन उतरलं तशी लांबून घंटांची किणकिण ऐकू आली. मग धूळ, आणि मग आवाज. दोनेकशे मेंढ्या एकदम बेंऽऽ करत येत होत्या आणि इकडे वाघरीतून पन्नास कोवळे आवाज उत्तर देत होते. आम्हाला तो सगळा एकच गलका. पण तिळूने झोपेतच कान टवकारले. मान वर केली. पुन्हा गलका, आणि त्यातल्या कुठल्या तरी एका हाकेला त्याने तोंड उघडून एवढ्या जोराने उत्तर दिलं, की लेक दचकली. मग तो धडपडायला लागला.

"सोड, सोड त्येला," आजी वाघर उचलत ओरडल्या, "आय आली त्येची!"

तिने हात उघडले. तिळू खाली पडत, उठत, मेंढ्यांच्या पायांच्या जंगलात घुसला. चुकून एका मेंढीकडे गेला, तिने डोकं मारून बाजूला केलं. दुसरीकडे गेला, तिनेही. तिसरी एक, डाव्या कानाला चीर असलेली, वाटेतल्या सगळ्यांना ढकलत येत होती. ती थांबली, तिने तिळूची शेपटी हुंगली, एकदाच, आणि जागची हलेना. तिळू गुडघे टेकून सडाला भिडला. ती लोंबती शेपटी एवढी हलत होती, एवढी हलत होती.

लेकीची मांडी अजून गरम होती. तिथे हात ठेवून ती बघत होती. एकेक आवाज कमी होत गेला, एकेका तोंडात दूध गेल्यावर, आणि पाच-दहा मिनिटांत सगळ्या रानात फक्त चुकचुक ऐकू येत राहिली.