जॅपनीज शिकायचंय? मग मराठीचीपण वही घाला

परवा मामेबहिणीचा फोन आला, बारावी झालीये, भाषा मनापासून आवडतात, तर म्हणे "ताई, जॅपनीज घेऊन पुढे नक्की काय करता येतं गं?" अर्धा तास बोलले तरी नीट सांगून झालं नाही, म्हणून इथे लिहितेय.

मी पुण्यात फर्ग्युसन रोडच्या रानडे इन्स्टिट्यूटमधून सुरुवात केली. सुरुवातीची वर्षं सगळा जीव कांजीत, म्हणजे जपानी लिहिताना वापरतात त्या चिनी चित्राक्षरांत, अडकलेला असतो, कारण जपानमध्ये रोजच्या वापराच्या म्हणून ठरवलेल्या कांजीच २१३६ आहेत आणि त्या घोटण्याला पर्याय नाही. मग जेएलपीटी, म्हणजे जॅपनीज किती येतं ते तपासणारी परीक्षा, सोप्या एन फाइव्हपासून अवघड एन वनपर्यंत पाच पायऱ्या. पण एक गोष्ट आधीच माहीत असू दे, त्या परीक्षेत बोलणं नाही आणि स्वतःच्या मनाने लिहिणंही नाही, सगळं पर्याय निवडायचं, त्यामुळे एन टू पास होऊनही समोर माणूस आला की तोंड उघडत नाही असं होतं. माझं झालं.

पहिलं काम एका कारखान्यात इंटरप्रिटरचं. जपानहून आलेले इंजिनिअर लाइनवर उभे, समोर आमचे सुपरवायझर, मध्ये मी. इंजिनिअरनी विचारलं, जिग (काम करताना सुटा भाग जागेवर धरून ठेवणारा साचा) कधी दुरुस्त होईल? सुपरवायझर म्हणाले, "बघतो ना, उद्यापर्यंत होऊन जाईल." मी म्हटलं, "आशिता मादे नि देकिमास", म्हणजे उद्यापर्यंत होईल. शब्द बरोबर, व्याकरण बरोबर. त्यांनी खिशातून छोटी वही काढली आणि तारीख लिहून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती वही उघडून माझ्यासमोर धरली. आपल्याकडे "बघतो, होऊन जाईल" म्हणजे प्रयत्न करतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं, पण ते भाषांतर करायची गोष्ट आहे हे कुठल्याच वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

उलट्या बाजूनेही तेच. जपानी माणूस "चोत्तो मुझुकाशी" म्हणाला की शब्दशः "थोडं अवघड आहे", आणि थोडं अवघड म्हटल्यावर आपला माणूस लगेच बाह्या सरसावतो, म्हणजे होण्यासारखं आहे तर! तर तिकडे तो सरळ नकार असतो. आता मी मराठीत सांगताना "नाही जमणार म्हणतायत, पण तोंडावर नाही म्हणत नाहीत" असं स्वच्छ सांगते.

म्हणून मी म्हणते की भाषा शिकणं आणि भाषेचं काम शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी आपली मराठी आधी घासूनपुसून घ्यावी लागते. वर्गात सगळं इंग्रजीतून शिकवतात, पण लाइनवरचा ऑपरेटर मला इंग्रजीत विचारत नाही, "ताई, साहेब काय म्हणतायत?" असंच विचारतो. आणि खरं तर मराठीतून जॅपनीजमध्ये जाणं सोपं पडतं, दोन्हीत क्रियापद शेवटी, दोन्हीत "ला", "त", "पासून" नामाच्या मागे. आणि "आम्ही करू" की "आपण करू", हा केवढा मोठा फरक आहे! जॅपनीजमध्ये दोन्हीला "वाताशिताची"च, त्यात तो दिसत नाही, त्यामुळे मीटिंगमध्ये खर्च नेमका कोण करणार हे मला थांबून विचारून घ्यावं लागतं. विचारायला लाजू नये. चुकीचं सांगण्यापेक्षा दहा वेळा विचारलेलं बरं.

आकड्यांचा सराव वेगळा करा, रोज. जॅपनीजमध्ये दहा हजाराचा एक "मान" आणि दहा कोटींचा एक "ओकू", म्हणजे साडेतीन लाख म्हटलं की डोक्यात पस्तीस मान उमटायला हवं, तेही समोरचा पुढचं वाक्य बोलत असताना. मी बसमध्ये बसून दुकानांच्या पाट्यांवरचे फोन नंबर तोडून तोडून वाचायचे.

करिअरचं म्हणाल तर कारखाना हा एकच रस्ता नाही, ड्रॉइंग आणि मॅन्युअलची भाषांतरं आहेत (आता बरीचशी मशीनने केलेली तपासून सुधारायची असतात, त्यासाठी ट्रॅडॉससारखं भाषांतराचं एखादं सॉफ्टवेअर शिकून घ्या), आयटी कंपन्यांत क्लायंटशी बोलणारी माणसं लागतात, शिकवणं आहे. बूथमध्ये बसून चालू भाषणाचं भाषांतर करायचं काम सगळ्यात दमवणारं, तिथे साधारण वीस-तीस मिनिटांनी जोडीदाराकडे माइक द्यावाच लागतो, डोकं चालत नाही पुढे.

बहीण रविवारी येतेय. तिला अजून एकही कांजी सांगितलेली नाही. आजी गावाकडच्या गोष्टी सांगायला लागली की दहा मिनिटं मोबाईलवर रेकॉर्ड करून आण म्हटलंय, मग ते हेडफोनवर ऐकत, दोन शब्द मागे राहून, न थांबता मराठीतच म्हणायचं. याला शॅडोइंग म्हणतात. पहिल्या दिवशी दोन मिनिटं टिकली तरी मी खूश.