स्लग गन अपडेट ५: झिरो चोरणारा चोर सापडला (आणि तो डॉट नाहीये)

मंडळी, मागच्या वेळी मी अगदी छाती फुगवून लिहिलं होतं की झाला एकदाचा झिरो (नेम धरू तिथेच गोळी लागेल अशी साइट जुळवणं), 50 यार्डाला तीन गोळ्या दोन इंचात, आता फक्त हरणाच्या शिकारीच्या सीझनची वाट बघायची. ते सगळं मागे घेतो. त्यानंतरच्या रविवारी बॅरल (नळी) काढून साफ केलं, परत बसवलं, रेंजवर गेलो आणि पहिलीच गोळी साडेचार इंच डावीकडे! दुसरी तिच्या शेजारी, तिसरी त्या दोघींच्या मध्ये. म्हणजे ग्रुप (गोळ्यांचा झुबका) अजूनही सुंदर, फक्त शेजारच्या गावात जाऊन बसलेला.

ज्यांनी आधीचं वाचलं नसेल त्यांच्यासाठी एका ओळीत: 12 गेजची जुनी पंप शॉटगन, छऱ्यांऐवजी एकच जाड गोळी म्हणजे स्लग मारायला (मेक लिहीत नाही, त्या मेकचे भक्त लगेच काठ्या घेऊन येतात), 24 इंची रायफल्ड (आत पिळाच्या खाचा असलेलं) बॅरल, त्यावर फॅक्टरीचे साधे आयर्न साइट्स (मागे खाच, पुढे मणी), आणि रिसीव्हरच्या (बंदुकीच्या मधल्या मुख्य सांगाड्याच्या) डोक्यावर मी बसवलेली रेल (खाचांची पट्टी) आणि रेलवर छोटा रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट). वरची ओळ परत एकदा वाचा, उत्तर त्यातच आहे, मला मात्र ते कळायला सहा डबे लागले.

सहा डबे म्हणजे तीस सॅबो (प्लॅस्टिकच्या वेष्टनातले स्लग). पाचाचा डबा अठरा डॉलरला, करा हिशोब. बायकोने केला.

तर झालं असं. साडेचार इंच डावीकडे म्हटल्यावर मी काय केलं, तर कोणीही करेल तेच, डॉट फिरवला. माझ्या डॉटचा एक क्लिक एक एमओएचा (हे कोनाचं माप), म्हणजे 50 यार्डाला साधारण अर्धा इंच, नऊ क्लिक उजवीकडे, तीन बार, मधोमध. खूश. घरी आलो, परत साफसफाई (सॅबोचं प्लॅस्टिक नळीत फार चिकटतं, त्यामुळे मी दर वेळी बॅरल काढतो, ही सवयच नडली), पुढच्या शनिवारी परत रेंजवर, आणि आता गोळ्या तीन इंच उजवीकडे. मी बेंचवर बसून त्या कागदाकडे असा बघत राहिलो की शेजारच्या लेनवाल्या काकांनी येऊन विचारलं, यू ओके?

मग सुरू झाली संशयितांची यादी. पहिला अर्थातच माउंट. रेलचे स्क्रू काढले, स्पिरिटने पुसले, निळं लॉकटाइट (स्क्रू धरून ठेवणारा गोंद) लावलं, इंच-पाउंडवाल्या टॉर्क ड्रायव्हरने मोजून घट्ट केले (हा ड्रायव्हर घ्या हो, हाताच्या अंदाजावर जाऊ नका, ॲल्युमिनियमच्या रिसीव्हरचे आटे एकदा गेले की गेले). काही फरक नाही. दुसरा संशयित डॉटचा क्लॅम्प आणि रेलची खाच. ऑनलाइन ज्या दुकानातून रेल घेतली त्यांनी "पिकॅटिनी" (रेलच्या खाचांचं एक ठरलेलं माप) म्हणून विकली होती, कॅलिपर लावून बघितलं तर खाच 0.180 इंच, म्हणजे सरळ सरळ वीव्हर (दुसरं, अरुंद खाचेचं माप), पिकॅटिनीची 0.206 असते. वीव्हरची वस्तू पिकॅटिनीवर बहुतेक वेळा बसते, उलटं बसेलच असं नाही. माझ्या क्लॅम्पचा आडवा बोल्ट खाचेत जेमतेम कडेवर टेकत होता. मी म्हटलं सापडला चोर! नवीन रेल मागवली, आठवडा गेला, बसवली. गोळ्या दोन इंच डावीकडे आणि एक इंच खाली. दुकानवाल्याला मेल केला त्याचं उत्तर अजून यायचंय, पण रेल चोर नव्हती, भुरटी होती.

तिसरा संशयित गोळी. हॉर्नाडी कंपनीची 300 ग्रेन वजनाची एसएसटी गोळी सोडून दुसऱ्या ब्रँडची आणली, ग्रुप वाईट झाला पण भटकणं तेवढंच. चौथा संशयित मी. माझ्या उजव्या डोळ्यात ॲस्टिगमॅटिझम आहे, डॉट मला गोल दिसत नाही, उलट्या स्वल्पविरामासारखा दिसतो, शेपटी खाली डावीकडे. हे डॉटचं नाही, डोळ्याचंच आहे, हे कसं ओळखायचं तर मोबाइलने डॉटचा फोटो काढा, फोटोत गोल आला तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. माझा फोटोत लाडवासारखा गोल आला. तर वाटलं की मी कधी स्वल्पविरामाच्या डोक्याने नेम धरतो कधी शेपटीने. पण मग ग्रुप पसरला असता ना, अख्खा सरकला कशाला असता?

इथे मला आजोबांची आठवण आली. सातारा जिल्ह्यात आमच्याकडे रानडुकरांसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती, मी लहान असेपर्यंत ती नुसतीच भिंतीवर होती. पुढच्या त्या बारक्या मण्याला आजोबा माशी म्हणायचे, आणि म्हणायचे की माशी नळीवर बसलेली असते, नळी जाईल तिकडे माशी जाते. मी तेव्हा सात वर्षांचा, मला वाटायचं खरी माशी.

परवा रात्री भांडी घासताना हे वाक्य डोक्यात आलं आणि मी साबणाच्या हातानेच बेसमेंटमध्ये गेलो (मग परत वर येऊन हात धुतले). आयर्न साइट्स दोन्ही नळीवर आहेत. डॉट रिसीव्हरवर आहे. नळी रिसीव्हरमध्ये नुसती सरकवून बसते आणि पुढे मॅगझिन ट्यूबच्या टोकाला एका स्क्रूने धरलेली असते. मग नळी दर वेळी तिथेच बसते हे मी धरून का चाललो होतो?

टेस्ट सोपी. गन रिकामी, तीनदा बघितली, बोट घालूनही बघितलं, काडतुसं वरच्या मजल्यावर कुलपात. रिसीव्हर बेंचला रबर लावून क्लॅम्प केला. डॉट बुटका आहे त्यामुळे खिडकीच्या तळाशी आयर्न साइट्स दिसतात. मागच्या खाचेत पुढचा मणी बरोबर मधोमध घेतला, म्हणजे डोळा एका जागी बांधला गेला, आणि मग बघितलं की लाल ठिपका मण्याच्या कुठे आहे. बरोबर वर, जरासा उजवीकडे. पेन्सिलने वहीत चित्र काढलं. स्क्रू सैल केला, परत हाताने घट्ट केला, डोळा परत खाचेत. ठिपका मण्याच्या डावीकडे! परत सैल, या वेळी नाणं लावून करकचून. ठिपका तिसरीकडेच. मग नुसता हाताने घट्ट असताना नळीचं टोक धरून डावी-उजवी ढकललं तर तो ठिपका असा आरामात चालत गेला, मण्याच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला, जवळजवळ तीन ठिपक्यांएवढा. माझा डॉट 3 एमओएचा, तीन ठिपके म्हणजे 9 एमओए, 50 यार्डाला साडेचार इंच. साडेचार! एकही गोळी न उडवता, एक पैसा खर्च न करता, बेसमेंटमध्ये. मी एकटाच ओरडलो, वरून बायको म्हणाली, पाय आपटला का.

खात्री करायला काल रेंजवर दोन्ही करून बघितलं. नळी काढायची, बसवायची, तीन बार आयर्नने, तीन बार डॉटने. असं दोनदा. आयर्नचे दोन्ही ग्रुप एकाच जागी, साडेतीन इंचाचे, माझ्या चाळिशीच्या डोळ्यांना ते ठीकच. डॉटचे ग्रुप दोन इंचाचे पण एकमेकांपासून चार इंच लांब. बारा गोळ्यांनंतर खांदा बंद. (बेंचवर टेकायला सँडबॅग म्हणून मी जुन्या जीन्सचा एक पाय शिवून त्यात इंडियन स्टोअरचा किडका कोलम भरलाय, पाच किलो, झक्कास काम करतो, विकतच्या बॅगेपेक्षा बरा.)

आता उपाय. तात्पुरता म्हणून स्क्रू आणि रिंगवर नेलपॉलिशची एक रेघ ओढली, दर वेळी रेघेला रेघ मिळेपर्यंत घट्ट. त्याने भटकणं दीड इंचावर आलंय. बरं आहे, पण बरं म्हणजे पुरेसं नाही, कारण आपल्या ओहायोत हरणाच्या शिकारीच्या शॉटगनमध्ये तीनच काडतुसं भरता येतात आणि खरं सांगायचं तर हरणासमोर पहिलीच काय ती आपली असते. शेजारचे म्हातारबुवा, चाळीस सीझन केलेले, म्हणाले गनस्मिथकडे जा आणि नळी रिसीव्हरला पिन करून टाक. म्हणजे मग ती कायमची स्लग गन, उन्हाळ्यात क्ले (हवेत उडवलेल्या चकत्या) मारायला 28 इंची नळी लावता येणार नाही. जमणार नाही बुवा.

खरा उपाय सगळ्यांना माहीत आहे, कॅन्टिलिव्हर बॅरल. रेल नळीलाच जोडलेली, मागे रिसीव्हरवर नुसती तरंगते, त्यामुळे नळी कितीदा काढा, काच आणि नळी एकत्रच जातात. म्हणजे आजोबांची माशीच, फक्त महाग. कोणी म्हणेल सरळ सॅव्हेज 220 स्लग गन घे, 20 गेज, बोल्ट ॲक्शन, नळी पक्की बसवलेली, हा प्रश्नच नाही. बरोबर आहे. आणि कोणी म्हणेलच की 2014 पासून इथे हरणासाठी सरळ भिंतीची (तोंडाशी अरुंद न होणारी) रायफलची काडतुसं चालतात, .350 लेजंडची रायफल घे आणि शॉटगन विक. ते पण बरोबर आहे. पण मग मी रविवारी काय करू?

तर प्लॅन असा ठरला होता: वापरलेलं कॅन्टिलिव्हर बॅरल, त्यावर डॉटऐवजी प्रिझम (आत लोलक असलेला छोटा स्कोप), कारण प्रिझममध्ये रेटिकल (नेमाची खूण) काचेवर कोरलेलं असतं, माझ्या डोळ्याला स्वल्पविराम दिसणार नाही. ऑर्डर करायलाच बसलो होतो, मग आय रिलीफ (डोळा काचेपासून किती लांब ठेवायचा ते अंतर) बघितला, तीन इंचाच्या आसपास. गेल्या वर्षी मित्राचा असाच कमी रिलीफचा स्कोप लावून एक मॅग्नम स्लग मारला होता आणि भुवईवर अशी चंद्रकोर उठली होती की दिवाळीच्या फोटोत सगळ्यांनी विचारलं टिकली कोणी लावली. 12 गेजला चार इंचाच्या खाली जायचं नाही, हे माझ्या भुवईवर लिहून ठेवलंय. प्रिझम रद्द.

आणि हे लिहिता लिहिताच डोक्यात आलं, पीप (बारीक भोकाची मागची साइट) का नको? बारीक भोकातून बघितलं की ॲस्टिगमॅटिझमही बराच दबतो, माशी आणि टार्गेट दोन्ही बऱ्यापैकी साफ दिसतात, बॅटरी नाही, पावसात धुकं धरत नाही. पहाटे अंधारात बारीक भोकाची चकती काढून नुसती रिंग ठेवायची. पण थांबा, पीप बसते रिसीव्हरवर, म्हणजे परत तोच चोर. नळीवरच्या मागच्या साइटच्या जागी लावली तर डोळ्यापासून इतकी लांब की भोक टाचणीच्या टोकाएवढं दिसणार. कॅन्टिलिव्हरच्या रेलवर मागे लावली तर? जमेल! पण कॅन्टिलिव्हर बॅरलना बहुतेक पुढे माशीच नसते. अरे देवा.

म्हणजे फिरून साधा 2-7 पॉवरचा शॉटगन स्कोप. पॅरॅलॅक्स (डोळा हलला की नेमाची खूण सरकल्यासारखी वाटणं) 75 यार्डाला जुळवलेला बघा, 100 चा रायफलवाला नको, आपल्या रानात 40 ते 80 यार्डाच्या पलीकडे दिसतंच काय. म्हातारबुवांकडे एक पडून आहे, चार इंच रिलीफचा, काचेला जरा बुरशी आहे कडेला. देतो म्हणालेत, बदल्यात बॅकस्ट्रॅपचा (हरणाच्या पाठीच्या मऊ मांसाचा) अर्धा हिस्सा आणि "ती तुमची काळ्या मसाल्याची करी". मागच्या वर्षी डब्यात दिली होती, तेव्हापासून मागे लागलेत.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी सीझन उघडतो, तीन आठवडे राहिलेत. तोपर्यंत कॅन्टिलिव्हर मिळालं नाही तर डॉट उतरवून आयर्नवरच जाणार, 50 यार्डाच्या पुढे चाप ओढायचा नाही. डेटनजवळ एकाकडे वापरलेलं बॅरल आहे, फोटोत ठीक दिसतंय, पण क्राउनजवळ (नळीच्या तोंडाच्या कडेजवळ) एक ओरखडा आहे. शनिवारी सकाळी बघायला जातोय, कॅलिपर आणि टॉर्च घेऊन. कोणाला क्राउनचा ओरखडा नखाने कसा तपासायचा माहीत असेल तर शुक्रवारच्या आत सांगा.