शेवंतीवरचा ठिपक्यांचा करपा: जुलै ते ऑक्टोबरच्या नोंदी

कोथरूडची गच्ची, चौदा कुंड्या. नऊ झिप्री, पाच पांढरी रेवडी, या शेवंतीच्याच जाती. काश्या (बुडापासून फुटलेली मुळं धरलेली रोपं) मेअखेरीस लावल्या होत्या.

जुलै, दुसरा आठवडा. आठ दिवस नुसती रिपरिप. झिप्रीच्या अगदी खालच्या पानांवर पिवळट ठिपके आले, चार दिवसांत ते काळपट तपकिरी झाले. भिंगातून बघितलं तर ठिपक्याच्या मधोमध खसखशीहून बारीक काळे कण. म्हणजे सेप्टोरिया या बुरशीचा करपाच. यात वाळलेलं पान गळत नाही, खोडाला तसंच लोंबत राहतं, आणि रोग एकेक पान करत वर चढतो. त्या काळ्या कणांतच बुरशीचे बीजाणू असतात. पाण्याचा थेंब जोरात पडला की शिंतोड्याबरोबर ते वरच्या पानावर जातात.

हे कळल्यावर मला माझी चूक दिसली. पावसाने उघडीप दिली की मी झारीने वरून पाणी घालत होते, तेही संध्याकाळी. पानं रात्रभर ओली. त्यात कुंड्या एकमेकींना खेटून.

जुलैअखेर. पानं पूर्ण कोरडी असल्याचं बघून खालची सगळी डागाळलेली पानं काढली (ओल्या झाडाला हात लावू नका, आपल्याच बोटांनी रोग पसरतो). प्रत्येक कुंडीनंतर कात्री स्पिरिटने पुसली. पानं कंपोस्टमध्ये न टाकता पिशवीत बांधून कचऱ्यात दिली. कुंड्यांत हातभर अंतर ठेवलं आणि मातीवर उसाच्या चिपाडाचा दोन बोटं जाड थर दिला, म्हणजे माती उडायला नको. मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक, लिटरला अडीच ग्रॅम, पानांच्या दोन्ही बाजूंनी फवारलं. बारा दिवसांनी कॉपर ऑक्सिक्लोराइड, हे तांब्याचं बुरशीनाशक. हातमोजे आणि मास्क घालूनच.

फवारणीने जुना डाग जात नाही, नवं पान वाचतं. पण माझ्या मते खरा फरक चिपाडाने आणि सकाळी बुडाशी पाणी घालण्याने पडला. घाईत दोन कुंड्यांना चिपाड घालायचं राहिलं होतं. फवारा सगळ्यांना सारखाच मिळाला, तरी ऑगस्टमध्ये त्याच दोन पुन्हा डागाळल्या.

ऑगस्ट. पंधरा तारखेनंतर शेंडे खुडणं बंद. एका रेवडीवर वेगळेच डाग दिसले: शिरांच्या मधे पट्टीने आखल्यासारखे कोनदार तुकडे, आधी पिवळे मग काळे. पानातल्या सूत्रकृमीचे (डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक किड्यांचे) डाग असेच असतात आणि त्यावर बुरशीनाशक चालत नाही. रोप मातीसकट टाकून दिलं. वाईट वाटलं, त्याला सर्वांत जास्त फुटवे होते.

ऑक्टोबर. पाऊस संपला, आता भुरी. तीन झिप्रींच्या पानांवर पिठासारखा थर. पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, सकाळी सातच्या आत मारलं. ऑक्टोबर हीटमध्ये दुपारी गंधक मारलं तर पान भाजतं.

आज तेरापैकी अकरा कुंड्यांवर कळ्या आहेत. आईला मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी घरचीच फुलं हवी आहेत, ती मिळतील असं दिसतंय. यंदा अजिबात डाग न आलेल्या चार कुंड्यांना लाल दोरा बांधून ठेवलाय. पुढच्या वर्षीच्या काश्या त्यांच्याच घेणार.