अरुंद पावलांसाठी क्लीटचे बूट : सोलापुरात बसून शोधताना आलेला अनुभव

पाऊल अरुंद असलं की सायकलचे बहुतेक बूट लांबीला बरोबर आणि रुंदीला ढगळ येतात. दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं, "एक नंबर खालचा घ्या ना." साध्या सँडलला हा सल्ला चालून जातो, गाडीवाटेवर चालवायच्या क्लीटच्या बुटाला नाही. (क्लीट म्हणजे बुटाच्या तळाला बोल्टने बसवायची, पेडलमध्ये अडकणारी खटकी.) युरोपियन नंबर एकाने उतरला की लांबी ६.६७ मिमीने घटते. रुंदी मात्र त्याच्या निम्म्यानेही घटत नाही. म्हणजे उतारावर अंगठा पुढे आपटणार, नख काळं पडणार आणि टाच उचलायची ती उचलणारच. म्हणून लांबी पावलाच्या मापाची घ्यायची आणि उरलेली पोकळी आतून भरायची, असं ठरवूनच मी शोधाला लागलो.

आधी माप. उन्हात दिवसभर फिरलं की पाय सुजतो, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये तर चांगलाच; त्यामुळे माप संध्याकाळी घ्यायचं. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, पूर्ण वजन टाकायचं, पेन्सिल उभी धरून दुसऱ्या कुणाकडून कड काढून घ्यायची. स्वतः वाकून काढली की वजन सरकतं आणि पेन्सिल तिरकी जाते. दोन-तीन मिमीचा फरक तिथेच पडतो. माझं डावं पाऊल २६५ मिमी, उजवं २६२. चवड्याची रुंदी ९४. एवढ्या लांबीला बहुतेक साचे शंभरच्या आसपास रुंदी धरून चालतात. बूट नेहमी मोठ्या पावलाला घ्यायचा. शिमानोच्या तक्त्यात ४१ म्हणजे २५.८ सेमी, ४२ म्हणजे २६.५, ४३ म्हणजे २७.२. इथे सेंटिमीटर पावलाचे असतात, बुटाचे नव्हेत. दुसऱ्या कंपनीचा ४२ याच मापाचा निघेल असं धरू नका. प्रत्येकीचा तक्ता उघडून सेंटिमीटरचाच रकाना पाहायचा.

पाऊल नेमकं कुठे अरुंद आहे, हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. चवडा अरुंद असतो, टाच अरुंद असते, किंवा रुंदी ठीक असून पाऊल वरून चपटं असतं. तिन्हींची तक्रार एकच, "बूट सैल होतो". उपाय मात्र वेगवेगळे. घरच्या कॅनव्हास बुटाची नाडी आवळून बघा. दोन्ही बाजूंचे पाळे एकमेकांना भिडले तर पाऊल चपटं. पाळ्यांत फट राहिली पण टाच वर-खाली झाली तर टाच बारीक. चवड्यावरचं कापड चिमटीत धरता आलं तर चवडा अरुंद. माझ्याकडे टाच आणि चवडा दोन्ही बारीक, उंची ठीक.

नव्या पेठेत आणि सायकलच्या दुकानांत विचारलं. गिअरच्या सायकली, हेल्मेट, हातमोजे सगळं आहे, क्लीटचे बूट मात्र "ऑर्डर द्या, मागवून देतो." घालून न बघता मागवायचे असतील तर घरपोच मागवून परत करण्याची सोय असलेलं ठिकाण बरं. दुसरी वाट पुण्याची. सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून गेलं तरी बूट दुपारनंतरच घालून बघा. तोवर चालून पाय फुललेला असतो आणि माप खरं मिळतं. मोजे सायकलवर घालता तेच सोबत न्या, दुकानातल्या पातळ मोज्यावर विसंबू नका.

मागवताना पहिली चाळणी तळव्याची. तळाला दोन बोल्टची खाच हवी. तीन भोकांचा त्रिकोण असलेले बूट डांबरी रस्त्याचे. त्यांची क्लीट तळाबाहेर येते, खाली उतरून दहा पावलं चालायचं म्हटलं तरी घसरतात. माळावर उतरून सायकल ढकलावीच लागते, म्हणून क्लीट तळाच्या रबरी उंचवट्यांच्या आत दबलेली हवी. रुंदीच्या खुणाही वाचायच्या. शिमानोत ई म्हणजे रुंद, सिडीत मेगा म्हणजे रुंद, जिरोत एचव्ही म्हणजे आत जास्त जागा. हे आपल्या कामाचे नाहीत, आणि सवलतीत नेमके हेच जास्त दिसतात. सिडीचा साधा साचा अरुंद म्हणून ओळखला जातो, पण किंमत ऐकून माणूस परत मोजपट्टीकडे वळतो. आणखी एक वाट पुरुष सहसा बघतच नाहीत, बायकांच्या साच्याचे बूट. त्यांची टाच बहुधा बारीक असते, आणि ४२ पर्यंत नंबर काही कंपन्या काढतात. रंग बघून नाक मुरडू नका, काळेही मिळतात.

बांधायची पद्धत अरुंद पावलाला फार महत्त्वाची. नाडीचा फायदा असा की चवड्यावर घट्ट आणि वर सैल, किंवा उलट, हवं तसं करता येतं. शेवटच्या दोन भोकांतून फासा काढून टाचही आवळता येते. काही बुटांत नाडीऐवजी तार असते आणि ती फिरकी फिरवून आवळतात; एकच फिरकी असेल तर तार सगळीकडे सारखी ओढली जाते. टाच धरायची म्हणून फिरवत गेलं की पावलाच्या पाठीवर दाब येतो आणि अर्ध्या तासात बोटं बधिर. दोन फिरक्या असतील तर ठीक. वेल्क्रोचा पट्टा अरुंद पावलावर पलीकडे जास्त जातो, टोक चिकटायच्या जागेच्या बाहेर लोंबतं. मोचीकडून मऊ बाजूची पट्टी पुढे वाढवून शिवून घेता येते, पट्टा मात्र कापू नका. त्यात आपल्याकडे कुसळाचा त्रास. पावसाळा सरला की होटगी, हिप्परग्याच्या बाजूला गवत वाळतं आणि कुसळं वेल्क्रोच्या काट्यांत अशी अडकतात की महिनाभरात पट्टा धरेनासा होतो. जाळीच्या कापडातूनही ती आत घुसतात. उन्हाळ्यात जाळी हवी, कार्तिकात नको. मी पुढे जाळी कमी आणि बाजूने भोकं असलेला प्रकार घेतला. (नान्नजला माळढोकचं अभयारण्य आहे, सायकल घेऊन आत शिरायची ती जागा नव्हे. बाहेर मुरमाच्या वाटा भरपूर आहेत.)

बूट घरी आला की क्लीट लगेच बसवू नका. बोल्ट आवळले की तळावर दात उमटतात आणि परत घेत नाहीत. जमिनीवर जुनी चादर अंथरून त्यावरच फिरायचं. पहिली परीक्षा आतल्या सोलची. तो बाहेर काढून त्याच्यावर उभं राहा, टाच टाचेला लावा. पुढे ८ ते १० मिमी उरायला हवेत. बाजूंना सोलची कड पावलाबाहेर दोन-तीन मिमी दिसली तर चालेल. दोन्हीकडे पाच-पाच दिसली तर तो बूट कितीही भरला तरी तुमचा होणार नाही, परत पाठवा. दुसरी परीक्षा पाळ्यांची. नेहमीइतकं आवळल्यावर दोन्ही पाळ्यांमध्ये बोटभर तरी फट हवी. नव्या बुटात ते भिडत असतील तर कापड सैलावल्यावर आवळायला काही उरणारच नाही. तिसरी जिन्याची. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच खाली सोडा, मग वर घ्या. क्लीटच्या बुटाचा तळ वाकत नाही, त्यामुळे टाच तीन-चार मिमी उचलली तर ते स्वाभाविक. बोट आत जाईल एवढी उचलली तर नाही. शेवटी जिना उतरताना अंगठा पुढे लागतो का ते बघा.

टाच पाच-सहा मिमी उचलते, बाकी सगळं जमतं, असा बूट मी ठेवला आणि तो भरून घेतला. इथे क्रम महत्त्वाचा. पहिलं मनात येतं ते जाड इनसोल. तो टाचेलाही वर उचलतो, टाच मागच्या वाटीतून बाहेर येते, घोट्याचं हाड कडेला घासतं आणि सैलपणा उलट वाढतो. म्हणून भर फक्त पुढच्या अर्ध्या भागात द्यायची. स्टेशनरीच्या दुकानात शाळेच्या प्रोजेक्टसाठी फोम शीट मिळते, २ मिमीची. आतला सोल त्यावर ठेवून चवड्यापासून कमानीच्या मध्यापर्यंतचा तुकडा कापायचा, मागची कड कात्रीने तिरकी छाटायची, नाहीतर ती कमानीत बोचते. गोंद लावू नका. सोलच्या खालच्या अंगाला कापडी चिकटपट्टीने धरा, म्हणजे काढता-घालता येतो. दुहेरी टेप आपल्या उन्हात पाघळते. एक तुकडा घालून दोन-तीन फेऱ्या मारा, मग दुसऱ्याचा विचार. ४ मिमीच्या पुढे बोटांना वरून छत लागायला लागतं.

पाऊल चपटं असणाऱ्यांनी हा फोम जिभेच्या आतल्या बाजूला लावावा. तो पावलाला खाली आणि मागे दाबतो, टाच आपोआप वाटीत बसते. टाच बारीक असेल तर चपलांच्या दुकानात मिळणाऱ्या टाचेच्या चिकट गाद्या, पण त्या वरच्या कडेला न लावता कडेपासून दीड-दोन सेंटिमीटर खाली लावायच्या. वर लावल्या तर टाचेच्या नसेवर घासून फोड येतो. जाड मोजे हा सगळ्यात शेवटचा उपाय. डिसेंबरात ठीक, एरवी घामाने पाय आत सरकतो.

भर घालून झाल्यावरच क्लीट, कारण भर बदलली की पावलाची जागा बदलते. बूट घट्ट बांधून अंगठ्याच्या मुळाचं हाड आणि करंगळीच्या मुळाचं हाड बाहेरून चाचपायचं आणि तिथे चिकटपट्टीवर खूण करायची. या दोन खुणांच्या मधोमध किंवा पाच मिमी मागे क्लीटचा मध्य येऊ दे. खडबडीत उतारावर मागची जागा स्थिर वाटते, पोटरीही कमी दुखते. बोल्टच्या आट्यांना ग्रीस, ४ मिमीची ॲलन की (षटकोनी चावी), आवळायचा जोर ५ ते ६ न्यूटनमीटर. शिमानोची साधी क्लीट एसएच-५१ फक्त टाच वळवून सुटते. एसएच-५६ इतर दिशांनाही सुटते, नवख्याला ती सोयीची. पेडलमधली क्लीट धरणारी स्प्रिंग ३ मिमीच्या कीने आधी सगळ्यात सैल ठेवा. सैल बुटात पाऊल आत फिरतं, टाच वळवली तरी क्लीट सुटत नाही आणि माणूस पेडल घट्ट असल्याचा दोष देतो. आधी बूट बघा. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळा.

काळ्या मातीचं वेगळं. एक पाऊस झाला की ती क्लीट आणि खाचेत भरते, पेडलमध्ये पाय बसतच नाही. खिशात बोटभर काडी ठेवा. खाच रुंद आणि रबरी उंचवट्यांमध्ये मोकळी जागा असलेला तळ निवडा. भिजलेले बूट वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवा. उन्हात ठेवले की तळाचा गोंद सुटतो. फोमचा तुकडा आधी काढून वेगळा वाळवा, ओला राहिला की आठवड्यात वास मारतो.